सोलापूरहून परराष्ट्र धोरणाकडे

[दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी. यंत्रमागांचा खडखडाट. टॉवेलचे गठ्ठे टेम्पोत चढताहेत.]

निवेदन:

निर्यातीच्या मालाबरोबर जे कागद जातात, त्यांवर एक कोड असतो. सुती टेरी टॉवेलचा कोड ६३०२६०. हे पहिले सहा आकडे हॅम्बुर्गच्या कस्टममध्ये तेच आणि न्यूयॉर्कच्याही. पुढचे आकडे प्रत्येक देश आपापले जोडतो. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासकाचं सोलापुरात काय काम, असं विचारणाऱ्यानं आधी हा कागद हातात घ्यावा.

या विषयात पीएच.डी. करू पाहणारे विद्यार्थी पहिल्याच मुलाखतीत अडखळतात. विषय विचारला की उत्तर येतं, ‘भारत-चीन संबंध’. हा विषय नव्हे, हे ग्रंथालयातलं अख्खं दालन झालं. समितीला प्रश्न हवा असतो. उदाहरणार्थ, १ जानेवारी २००५ ला जागतिक कापड व्यापारावरचे कोटे, म्हणजे आयातीवरच्या कमाल मर्यादा, उठल्या. त्यानंतर सोलापूरच्या टॉवेल उत्पादकांनी सरकारकडे काय मागितलं, कोणामार्फत मागितलं आणि त्यातलं व्यापार वाटाघाटींच्या टेबलापर्यंत काय पोचलं? यात काळ ठरलेला आहे, माणसं ठरलेली आहेत आणि पुरावा कुठे शोधायचा तेही कळतं.

[दृश्य: अभ्यासिका. वह्या, जुन्या प्रश्नपत्रिका.]

राज्यशास्त्रात एम.ए. झालं की नेट, म्हणजे अध्यापन आणि संशोधनवृत्तीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. दोन पेपर, दीडशे प्रश्न, ३०० गुण, तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. मात्र राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमातल्या दहा घटकांपैकी आंतरराष्ट्रीय संबंध हा एक आणि भारताचं परराष्ट्र धोरण हा दुसरा. उरलेले आठ घटक राजकीय सिद्धांत, विचारवंत, भारतीय संस्था, लोकप्रशासन अशांचे. फक्त आवडीचं वाचून आलेली हुशार मुलं इथेच मागे पडतात. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधनवृत्ती, मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं महिना ३७ हजार रुपये आणि पुढे एसआरएफचे, म्हणजे वरिष्ठ वृत्तीचे, ४२ हजार. दिल्लीत राहून कागदपत्रं धुंडाळायची तर ही रक्कम फार मोठी नाही, पण तिच्याशिवाय ते काम बहुतेकांना झेपतच नाही.

दिल्लीच का? या विषयाची भारतातली पहिली मोठी संस्था १९५५ मध्ये सप्रू हाउसमध्ये सुरू झाली आणि १९७० मध्ये जेएनयूत विलीन झाली. ग्रंथालयं आणि अभिलेखागारही तिथेच. पण मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावापेक्षा जागा बघावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. नामवंत मार्गदर्शकाची यादी अनेकदा भरलेली असते.

[दृश्य: संगणकाचा पडदा, आकड्यांचे तक्ते.]

आता आकडेवारी. नवा संशोधक युनोच्या व्यापार डेटाबेसमधून ६३०२६० काढतो, शेजारी भारत सरकारचे आकडे ठेवतो आणि दोन्ही जुळत नाहीत म्हणून घाबरतो. ते जुळणारच नाहीत. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, तिथलं जानेवारी ते डिसेंबर. निर्यातीची किंमत आपण जहाजावर चढवलेल्या मालाची धरतो, तर बहुतेक आयातदार देश त्यात भाडं आणि विमा मिळवतात. शिवाय दुबईमार्गे पुढे गेलेला माल भलत्याच देशाच्या नावावर दिसू शकतो. दोन्ही रकाने एकाच तक्त्यात मिसळले की अख्खं प्रकरण बाद.

दुसरी अडचण खास सोलापूरची. युनोच्या आकड्यांत देश असतो, जिल्हा नसतो. आपल्याकडे शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीच्या कस्टम अर्जावर, माल मूळ कोणत्या जिल्ह्यातला ते लिहिणं सक्तीचं झालं ते २०२० मध्ये. त्याआधीच्या वर्षांसाठी कारखानदारांच्या वह्या आणि पावत्या, एवढाच आधार. माल मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत गेला असेल तर त्या वह्यांतही परदेशाचं नाव सापडत नाही.

[दृश्य: पूर्व भागातली गल्ली, मागाजवळ बसलेले कामगार.]

म्हणून मुलाखती. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, घरची भाषा तेलुगू. संमतीपत्र फक्त इंग्रजीत नेलं तर सही मिळेल, माहिती मिळणार नाही. रेकॉर्डर सुरू असताना भाव विचारू नये. कोणत्या साली कोणत्या देशाची ऑर्डर थांबली, ते विचारावं. आणि ऐकलेलं तपासावं. अमेरिकेनं जून २०१९ मध्ये भारताची जीएसपी, म्हणजे विकसनशील देशांच्या मालाला दिलेली आयातशुल्काची सवलत काढली, त्याचा फटका टॉवेलला बसला, असं प्रबंधांत सर्रास लिहिलेलं असतं. त्या सवलतीत बहुतांश कापड आणि कपडे मुळात नव्हतेच.

[दृश्य: भैय्या चौक, डॉ. कोटणीस स्मारक.]

अभ्यासकाच्या आवडीचा दुसरा धागा इथून निघतो. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. दरवर्षी पुष्पहार वाहून आपण मोकळे होतो. पण आंतरराष्ट्रीय संबंधांच्या दृष्टीनं प्रश्न वेगळाच आहे: देश पारतंत्र्यात असताना एक पक्ष स्वतःचं परराष्ट्र धोरण कसं चालवत होता? काँग्रेसनं १९३६ मध्ये परराष्ट्र विभाग काढला होता, त्याचं काम राममनोहर लोहियांकडे होतं. पक्षाची कागदपत्रं दिल्लीतल्या तीन मूर्तीच्या ग्रंथालयात, ब्रिटिश गृह खात्याच्या फाइली राष्ट्रीय अभिलेखागारात. घरून निघण्याआधी ‘अभिलेख पटल’ या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फाइल क्रमांक शोधून ठेवले तर दिल्लीतले दिवस वाचतात. स्वातंत्र्यानंतरच्या फाइलींसाठी भरलेली मागणीची चिठ्ठी मात्र ‘हस्तांतरित नाही’, म्हणजे खात्यानं फाइल अभिलेखागाराकडे दिलेलीच नाही, असा शेरा घेऊन परत येऊ शकते. म्हणून प्रबंधाचं एकही प्रकरण एकाच फाइलीवर टांगू नये. आणि चिनी बाजू वाचायची असेल तर चिनी भाषा नोंदणीआधीच सुरू करावी. पीएच.डी.च्या तीन ते सहा वर्षांच्या मुदतीत शून्यापासून शिकून कागदपत्रं वाचणं जवळपास अशक्य.

पीएच.डी.नंतर बरेच जण आधी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतात. कायम नोकरी लागली तरी सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन. संशोधन उरलेल्या वेळात. प्रबंधातलं एक प्रकरण कापून लेख करावा, सगळा प्रबंध एका लेखात कोंबू नये. ‘इंडिया क्वार्टर्ली’ १९४५ पासून निघतं. अशा नियतकालिकात तज्ज्ञांचं परीक्षण व्हायला महिने लागतात. यूजीसीनं मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे पारख आता लेखकावरच आली. संपादक मंडळातली माणसं खरोखर त्या विषयातली आहेत का, मागच्या अंकांतले लेख कोणी वाचून उद्धृत केलेत का, हे पाहावं. आठवड्यात स्वीकृती आणि सोबत शुल्काची पावती आली, तर तो लेख तिथून काढून घ्यावा.