आधी पाणी मोजा, मग माणसं बोलवा

श्रोतेहो, नमस्कार.

पुरंदर तालुक्याच्या पूर्व भागात आमची तीन एकर मुरमाड जमीन आहे. सासूबाईंच्या उमेदीच्या काळात तिथे हुलगा, मटकी व्हायची. पुढे तेही थांबलं. २०१६ साली १ जुलैला राज्यभर एकाच दिवशी दोन कोटी रोपं लावायची असं ठरलं, गावोगाव उत्साह होता, आणि त्याच भरात आम्हीही आमच्या या जमिनीत वृक्षारोपणाचा दिवस ठरवला. गावातली माणसं, शाळेची मुलं, पुण्याचे नातलग आणि त्यांचे मित्र असे दीडशे जण आले. दुपारपर्यंत ५०० रोपं लागली. पुढच्या मे महिन्यात मी वही घेऊन जमीन पालथी घातली, तेव्हा हिरवी रोपं भरली ४१.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे अशी पडीक जमीन आहे आणि यंदाच्या पावसाळ्यात चार माणसं बोलावून झाडं लावायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी मी आज बोलते आहे. ४५९ रोपं का गेली, ते मला नीट कळलंय.

पहिलं कारण पाणी. रोपं किती लावायची हे आम्ही माणसं किती येणार यावरून ठरवलं होतं. साधा हिशोब करा. उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्याला १० लिटर पाणी धरलं, तर ५०० रोपांना ५,००० लिटर लागतं. म्हणजे दर आठवड्याला एक टँकर, आणि तो फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत. आमची विहीर मार्चमध्येच तळ दाखवते. पुढच्या वेळी आम्ही १२० रोपं लावली. त्यांना आठवड्याला १,२०० लिटर पुरतं. सहा ड्रम भरले की काम झालं, आणि तेवढं पाणी बैलगाडीतूनही नेता येतं. तेव्हा तुमच्या विहिरीला, बोअरला एप्रिलमध्ये किती पाणी असतं ते आधी बघा आणि त्यावरून रोपांचा आकडा काढा. माणसं जास्त आली तर त्यांना आळी करायला द्या, दगडांचे बांध घालायला द्या. काम कमी पडत नाही.

दुसरं कारण सांगताना अजून जीव तुटतो. त्या जमिनीतून मेंढरांची पिढीजात वाट जात होती. ती आम्ही कुणाला न विचारता तारेनं बंद केली. महिन्याभरात तार तुटली. चूक आमचीच होती. दुसऱ्या वेळी सणगराची घोंगडी पांघरलेले एक म्हातारे धनगर मामा, जे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जातात, त्यांना आम्ही चहाला बोलावलं आणि जमीन त्यांच्यासोबत फिरून पाहिली. त्यांनी काठीनं जागा दाखवल्या. "इथं गवत संक्रांतीपर्यंत हिरवं राहतं, इथं लावा," म्हणाले. खणून बघितलं, तर खरंच तिथे दोन हात माती निघाली. माथ्यावर मात्र नको म्हणाले. तिथे खाली सलग कातळ आहे, वर कुसळी गवत आहे, आणि तिथे खोकड राहतं. माळ दिसला की तो ओसाडच, असं आपण धरून चालतो. पुणे-सोलापूरकडच्या माळांवर लांडगा, खोकड, चिंकारा जगतात ते त्या गवताच्या जिवावर. तिथे दाट झाडी केली तर त्यांचं घर मोडतं. आम्ही माथा तसाच ठेवला. मेंढरांना एका कडेनं दहा फुटांची वाट सोडली. त्यानंतर तार एकदाही तुटलेली नाही, आणि बोरी-बाभळीच्या काट्या मामांच्या मुलांनीच आणून लावल्या.

आता रोपांविषयी. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत वनमहोत्सवाच्या काळात रोपं सवलतीत मिळतात. पण जी मिळतील ती आणू नका. आपल्या कोरड्या पट्ट्यात कडुनिंब, करंज, बोर, आपटा, शिरीष, काटेसावर, खैर, बेल, सीताफळ ही तग धरतात. ओलाव्याच्या जागी जांभूळ, उंबर, अर्जुन. रोप शक्यतो दोन वर्षांचं, कमरेएवढं आणि जाड बुंध्याचं घ्या. पिशवीत फार दिवस अडकून मुळांची गुंडाळी झालेलं रोप वरून हिरवंगार दिसतं आणि दुसऱ्या वर्षी बसून जातं. माझी बरीच रोपं अशीच गेली.

खड्डे मे महिन्यातच घ्यावेत, दीड-दोन फुटांचे. ते उन्हात तापू द्यावेत. वरची माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला ठेवावा. भरताना आधी वरची माती, त्यात कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. यंत्रानं खड्डे पाडले असतील तर आतली भिंत कुदळीनं खरवडा, नाहीतर मुळं त्याच गुळगुळीत भिंतीला वळसे घालत राहतात.

तारीख मात्र कॅलेंडरवरून ठरवू नका. ५ जूनला पर्यावरण दिन असतो, पण आमच्याकडे तेव्हा मातीत बोटभरही ओल नसते. मृगाचा भरवसा धरू नये. आर्द्रा-पुनर्वसूत दोन-तीन चांगले पाऊस होऊन वीतभर ओल गेली की मगच माणसांना निरोप द्यायचा. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायचं की निरोप चार दिवस आधी येईल.

त्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर एक रोप लावून दाखवा. पिशवी ब्लेडनं उभी कापायची, ओढायची नाही, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही. बुंधा पिशवीत होता तेवढाच मातीत जायला हवा. मग पाच-सहा जणांचे गट करा, प्रत्येक गटात गावातलं एक जाणतं माणूस. आमची एक रीत तुम्हीही घ्या असं मला मनापासून वाटतं. रोपं १२० असतील तर १२० रिकाम्या पिशव्या माझ्या हातात परत आल्या पाहिजेत. दोन कमी भरल्या, तर कुणीतरी पिशवीसकट रोप पुरलंय. आम्ही शोधून काढतो, आणि बहुतेक वेळा ते एखाद्या लहान मुलाचं असतं. त्याच्याकडूनच ते पुन्हा लावून घ्यायचं.

भाषणं, सत्कार, फोटो सगळं जेवणानंतर. जेवण पिठलं-भाकरी आणि ठेचा. बायकांसाठी आडोशाची सोय आणि हात धुवायला पाणी या दोन गोष्टींचा विचार पुरुष मंडळी बहुधा शेवटी करतात, तो पहिल्या दिवशी करा. दगडांच्या राशींत हात घालू नका असं मुलांना बजावून सांगा, तिथे घोणस असते.

निरोप घेताना पाहुण्यांकडून पुढच्या तीन तारखा घ्या. गणपतीच्या आसपास खुरपणी आणि आळी दुरुस्त करायला. दिवाळीनंतर गवत कापून बुंध्याभोवती आच्छादन घालायला. आणि संक्रांतीला जाळपट्टा काढायला, कारण वणवा फेब्रुवारीत येतो, आणि तीन वर्षांचं काम तो एका दुपारी संपवतो. जमिनीच्या चारी बाजूंनी दहा-बारा फूट रुंद पट्टा पार खरवडून ठेवायचा. दुसऱ्या वेळी लावणीच्या दिवशी आलेल्या ६० जणांपैकी आमच्याकडे संक्रांतीला अकरा जण आले. त्या अकरांनी पट्टा पुरा केला. उन्हाळ्यात आठवड्याचं पाणी गावातल्या पाच घरांनी वाटून घेतलं, प्रत्येकाच्या वाट्याला २४ झाडं. शेवटच्या मोजणीला त्यांतली ९७ उभी होती, आणि धनगर मामांनी दाखवलेल्या जागेतला उंबर आता माझ्या डोक्याच्या वर गेला आहे.

आज रात्री विहिरीला किती परस पाणी आहे, ते दोर सोडून बघून ठेवा. नमस्कार.