कच्चं पीठ नको, बाकी सोपं आहे

श्रोतेहो, नमस्कार.

‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ ही म्हण आपण कुठल्या तरी ढिसाळ कारभारासाठी राखून ठेवलेली असते. त्यातल्या कुत्र्याच्या पोटाचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. आज मी तेच विचारणार आहे. कारण विषय आहे कुत्र्यासाठी घरी करायचा खाऊ, तोही ओव्हन न लावता. आणि या खाऊचा पहिला नियम नेमका त्या म्हणीतल्या पिठाबद्दल आहे : कच्चं पीठ घालायचं नाही.

पीठ दिसायला कोरडं आणि स्वच्छ असतं, पण ते कच्चंच असतं. धान्यावर साल्मोनेला किंवा ई. कोलायसारखे जंतू असले तर ते दळण्याने मरत नाहीत, आचेने मरतात. बिस्किट भाजलं की प्रश्न मिटला. आपण तर भाजणारच नाही. म्हणजे परातीत जे पडेल ते आधीपासून खाण्याजोगं हवं. म्हणून आपल्याला ओट्स बरे. पाकिटात मिळणारे चपटे ओट्स कारखान्यात वाफवून मग रुळांमधून दाबलेले असतात. ते साधे घ्यायचे. मसाला घातलेले नकोत, साखर आणि सुका मेवा मिसळलेले तर मुळीच नकोत.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, अहो, कुत्रा म्हणजे लांडग्याचा भाऊबंद, त्याला धान्य कशाला? भाऊबंद आहे खरा, पण माणसाच्या दारात राहून त्याचं पोट थोडं बदललंय. कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना करणारं एक संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झालं. स्टार्च फोडणारं विकर बनवण्याचं जे जनुक असतं, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या. कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. तेव्हा खाऊत थोडे ओट्स असायला काहीच हरकत नाही. त्यावर त्याचं जेवण चालवा, असं मात्र मी म्हणत नाहीये.

आता प्रत्यक्ष कृती. एक कप ओट्स मिक्सरला दोनदा फिरवून घ्या. अगदी पीठ नको, जाडसर भरड हवी. एक पिकलेलं केळं घ्या. साल काळी पडलेलं, घरात कुणीच खाणार नाही असं केळं असेल तर उत्तमच. ते काट्याने कुस्करा. त्यात दोन मोठे चमचे पीनट बटर घालून एकजीव करा आणि मग ओट्स मिसळा. लगेच वळायला घेतलंत तर हाताला चिकटेल आणि तुम्ही वैतागून आणखी ओट्स घालाल. तसं करू नका. वाडगा झाकून दहा मिनिटं बाजूला ठेवा. भरड केळ्याचा ओलावा पिते आणि मिश्रण आपसूक घट्ट होतं. मग हाताला पाण्याचा पुसटसा हात लावून मोठ्या गोटीएवढ्या गोळ्या वळा. साधारण तीस होतात. तासभर फ्रिजमध्ये ठेवल्या की खाऊ तयार.

झाकण ठेवा असं म्हटलं, त्यामागे अनुभव आहे. पहिल्यांदा केलं तेव्हा मी वाडगा ओट्याच्या कडेला ठेवून फोन घ्यायला गेले. आमची ठमी दहा किलोची आहे, पण मागच्या दोन पायांवर उभी राहिली की ओट्यापर्यंत पोचते, हे मला त्या दिवशी कळलं. परत आले तेव्हा वाडगा जमिनीवर होता आणि निम्मं मिश्रण गायब. मी पशुवैद्यांना फोन लावला. मला वाटलं होतं, किती खाल्लं ते विचारतील. त्यांनी आधी विचारलं, “पीनट बटरची बाटली जवळ आहे का? तिच्यावरचं बारीक अक्षरातलं वाचून दाखवा.” मी चष्मा शोधला आणि अक्षर लावत वाचलं : शेंगदाणे, साखर, मीठ. “ठीक आहे, मग फक्त पोट बिघडेल,” ते म्हणाले. बिघडलंही. पुढचे दोन दिवस मी अंगण धूत होते. पण बाटलीवर ते नक्की काय शोधत होते, हे मी नंतर विचारून घेतलं.

ते शोधत होते झायलिटॉल. हा गोडवा देणारा पदार्थ ‘शुगर-फ्री’ च्युइंगगममध्ये, काही टूथपेस्टमध्ये, काही पीनट बटरमध्येही असतो. माणसाला तो बाधत नाही. कुत्र्याच्या शरीराला मात्र तो साखरेसारखा भासतो. स्वादुपिंड भराभर इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली खरी साखर कोसळते, बऱ्याचदा तासाभराच्या आत. उलटी होते, मग पाय लटपटतात, तोल जातो, झटकेही येऊ शकतात. मात्रा जास्त असेल तर यकृत निकामी होतं. दर किलो वजनामागे ०.१ ग्रॅम एवढं पोटात गेलं तरी साखर उतरू शकते. म्हणजे ठमीला एक ग्रॅम पुरे.

गंमत बघा, आपण साखरेची बाटली नाकारून ‘बिनसाखरेची, आरोग्याला बरी’ म्हणून जी उचलतो, तीच कुत्र्यासाठी जास्त धोक्याची निघू शकते. लेबलवर हा पदार्थ वेगवेगळ्या नावांनी येतो : झायलिटॉल, बर्च शुगर, नाहीतर नुसता आकडा, ई ९६७. यातलं काहीही दिसलं तर बाटली परत फळीवर ठेवा. आणि चुकून खाल्लं गेलंच तर लक्षणं दिसण्याची वाट बघत बसू नका, बाटली हातात घेऊन पशुवैद्य गाठा. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा जुना उपाय करू नका. तेवढ्या मिठानेच कुत्र्याला विषबाधा होते.

मी आता पीनट बटर आणतच नाही. भाजलेले, सोललेले शेंगदाणे मिक्सरमध्ये फिरवते. आधी कूट होतं, मग ते भांड्याच्या कडांना चिकटतं, खरवडून पुन्हा फिरवलं की तेल सुटतं आणि लोणी होतं. मीठ नाही, साखर नाही, वाचायला लेबलही नाही.

पण शेंगदाणा म्हणजे तेल, आणि तेल म्हणजे कॅलरी. जरा हिशेब करू. आपल्या सगळ्या मिश्रणात साधारण सहाशे कॅलरी असतात. तीस गोळ्या केल्या तर एकीत वीस. नसबंदी झालेल्या, रोज फिरायला जाणाऱ्या दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे सहाशे कॅलरी लागतात. खाऊचा वाटा त्यातला दहा टक्क्यांहून अधिक नसावा, हा पशुवैद्यांचा नेहमीचा दंडक. म्हणजे साठ कॅलरी, अर्थात तीन गोळ्या. दिवसभरात तीन! आणि ठमीने त्या दिवशी अर्धं मिश्रण खाल्लं होतं, म्हणजे एका दमात पंधरा गोळ्या. पाच किलोच्या कुत्र्याला दीड-पावणेदोन गोळ्यांच्या वर नको. शिवाय जेवढा खाऊ दिला, तेवढं त्याच्या जेवणातून कमी करायचं. हे कुणी करत नाही, आणि मग कुत्रा नुसता वाऱ्याने फुगतो असं आपण म्हणतो.

पीनट बटर नकोच असेल तर शिजवून गाळलेला लाल भोपळा घाला, गोळ्या हलक्या होतात. फक्त भोपळ्याला पाणी जास्त, म्हणून ओट्स वाढवावे लागतात. गाजर किसून घातलं तर दाताखाली येतं, तेही छान. सफरचंद चालतं, बिया आणि मधला गाभा काढून.

आणखी एक प्रकार म्हणजे दह्याचा. साधं, बिनसाखरेचं दही थोड्या कुस्करलेल्या केळ्यात फेटायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये तळाला जेमतेम थर येईल एवढंच ओतून गोठवायचं. पूर्ण घनाकार भरू नका. हावरा कुत्रा तो अख्खा गिळायला बघतो आणि घशात अडकतो. वयाने मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही, तेव्हा पहिल्या दिवशी एकच तुकडा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी शी कशी झाली ते बघायचं. ऐकायला बरं वाटत नसेल, पण कुत्रा पाळणाऱ्याला याहून भरवशाचा अहवाल मिळत नाही.

मांसाहारी घरांत जिलेटिनच्या वड्या करता येतात. कोंबडी उकडलेलं अर्धा कप पाणी गार करून त्यावर एक मोठा चमचा साधं जिलेटिन भुरभुरवायचं, पाच मिनिटं फुगू द्यायचं, मग विरघळेपर्यंत कोमट करून ताटलीत ओतायचं. फ्रिजमध्ये दोन-तीन तासांत थरथरीत वड्या होतात. अट एकच, कोंबडी उकडताना कांदा, लसूण, मीठ काही पडलेलं नसावं. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि शिजवल्याने किंवा वाळवून पूड केल्याने त्यांचा हा गुण जात नाही.

न घालायच्या वस्तूंत चॉकलेट बहुतेकांना ठाऊक असतं. मनुका ठाऊक नसतात, आणि ओट्स-केळं म्हटलं की हात आपोआप मनुकांच्या डब्याकडे जातो. द्राक्षं आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. किती खाल्ल्यावर, हे कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून थोडी चालेल असं काही नाही. अलीकडे यामागे टार्टारिक आम्ल असावं असा संशय घेतला जातो. तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंचही लांबच ठेवा. मॅकाडेमिया नको, जायफळ नको, यीस्ट घालून फुगवलेलं कच्चं पीठ तर पोटात जाऊनही फुगत राहतं.

भाजलेलं बिस्किट टिकतं ते त्यातलं पाणी उडून गेलेलं असतं म्हणून. आपला खाऊ ओला आहे. फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीजरमध्ये फार तर दोन महिने. मी एकदम तीस करते, सहा-सात बाहेर ठेवते, बाकीच्या गोठवते. डब्यावर तारीख लिहिते, आणि ‘ठमी’ असंही. एकदा पाहुण्यांनी दोन खाऊन साखर कमी पडल्याचं सांगितलं होतं.

पिल्लू असेल, मधुमेह असेल, स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल, तर यातलं काहीही देण्याआधी तुमच्या पशुवैद्यांना विचारा. सूज येऊन गेलेल्यांना शेंगदाण्याचं तेल महागात पडू शकतं.

राहता राहिलं द्यायचं कसं. तीन गोळ्यांचे मी बारा तुकडे करते. हाक मारल्यावर आली की एक, फाटकाशी थांबली की एक. ठमीला ग्रॅम कळत नाहीत, तिच्या हिशेबी बारा वेळा खाऊ मिळाला. बारावा संपला की मी दोन्ही तळवे उघडून तिच्यासमोर धरते. ती आधी उजवा हुंगते, मग डावा, बोटांच्या बेचक्यात अडकलेला ओट्सचा कण चाटून घेते, एकदा फ्रिजकडे बघते आणि मग आपल्या पोत्यावर जाऊन पडते.

नमस्कार.