इंग्रजी ऐकणारे मराठी कान

[दृश्य: ठाणे स्टेशन, पश्चिम बाजू. संध्याकाळची गर्दी, दुकानांच्या वर क्लासच्या पाट्या.]

ठाणे स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून मान वर करायचा अवकाश, फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या पाट्या दिसायला लागतात. वाशी, कोपरखैरण्यालाही तेच. मुलाखतीत भाषेपायी मागे पडलेल्या मुलाला अशा क्लासचा आधार वाटतो आणि त्याची ती गरज खरी आहे. पण विद्यापीठात इंग्रजी भाषेचा अभ्यास म्हणजे याच क्लासची मोठी आवृत्ती, असा समज अनेक घरांत असतो. ‘बीएला इंग्रजी घेतलंय, आता बोलायला लागेल पोरगी,’ असं आई शेजारणीला कौतुकानं सांगते. पोरगी बोलायलाही लागते. मात्र वर्गात चालतं ते वेगळंच. तिथे इंग्रजी समोर मांडून उघडून बघतात.

[दृश्य: वर्ग. विद्यार्थ्यांनी ओठांपुढे तळहात धरले आहेत.]

हा ध्वनिशास्त्राचा तास. तळहात ओठांपुढे धरायचा आणि इंग्लंडमधला माणूस म्हणतो तसं ‘पिन’ म्हणायचं. हाताला हवेचा झोत लागतो. आता ‘स्पिन’ म्हणा. झोत जवळजवळ नाहीसा. अक्षर तेच, उच्चार दोन. ज्याची मायबोलीच इंग्रजी आहे, त्याला हा फरक सहसा कुणी दाखवून दिल्याशिवाय जाणवत नाही, कारण त्याच्या भाषेत झोतामुळे अर्थ बदलत नाही. आपल्याकडे बदलतो. ताट वेगळं, थाट वेगळा. कार दारात उभी राहते, खार झाडावर चढते. त्यामुळे कळव्याहून आलेल्या मुलीला तो झोत चटकन ऐकू येतो.

उलटही होतं. इंग्रजीत एक ‘व’ ओठ गोल करून येतो, दुसरा वरचे दात खालच्या ओठाला टेकवून. त्या दोन ध्वनींनी तिथे शब्द बदलतात आणि आपल्याला दोन्ही एकसारखेच वाटतात. ‘तुझे उच्चार चुकतात’ हे शाळेपासून ऐकत आलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांना ते का चुकतात, हे इथे पहिल्यांदा कळतं. कारण कळलं की भीती निम्मी होते. म्हणूनच हा तास शेवटच्या वर्षाच्या कोपऱ्यात न ठेवता पहिल्या वर्षी, पहिल्या महिन्यात घ्यायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दृश्य: फळ्यावर इंग्रजी शब्द. जुन्या छापील पानाचं चित्र.]

स्पेलिंगचंही तसंच. ‘नाइफ’च्या सुरुवातीचा के न बोलता नुसता लिहायचा, हे आपण छडीच्या धाकानं पाठ केलं. तो के एकेकाळी खरोखर उच्चारला जात होता. 1476 साली विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि पुढे छपाईमुळे शब्दांची लिखित रूपं हळूहळू ठरत गेली. त्याच काळात, साधारण 1400 ते 1700 च्या दरम्यान, इंग्रजीतले दीर्घ स्वर आपल्या जागा बदलत होते. उच्चार पुढे निघून गेले, लिखाण मागे राहिलं.

[दृश्य: मुंबई विद्यापीठ, फोर्ट. राजाबाई टॉवर.]

भाषेकडे बघायची ही नजर मुंबई विद्यापीठाला परकी नाही. 1857 ला स्थापन झालेल्या या विद्यापीठात 1877 साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर व्याख्यानं दिली. मराठीही त्यात होती. तरी आज आपल्याकडे बीएला इंग्रजी म्हटलं की मुख्यतः साहित्य येतं, कविता, नाटक, कादंबरी. ब्रिटनमध्ये शाळेच्या शेवटच्या टप्प्यावरच इंग्रजी भाषा आणि इंग्रजी साहित्य हे दोन वेगळे विषय घेता येतात आणि विद्यापीठात निव्वळ भाषेची पदवी मिळते. तिथले भाषेचे अभ्यासक रँडॉल्फ क्वर्क यांनी 1959 साली प्रत्यक्ष वापरातली इंग्रजी गोळा करायला सुरुवात केली. पुढे ब्रिटनमध्ये 10 कोटी शब्दांचा राष्ट्रीय भाषासंग्रह उभा राहिला. लोक कसं बोलतात हे आधी बघायचं, नियम मग मांडायचा. साहित्य हवंच, पण त्याच्या शेजारी भाषेला हक्काची जागा मिळत नाही, याची खंत वाटते.

[दृश्य: ट्रान्सहार्बर लोकल. खिडकीतून रबाळे, घणसोली. मग गावठाणातली अरुंद गल्ली.]

ठाणे-बेलापूर पट्ट्यात तर या अभ्यासाला दारातच साहित्य पडलंय. सिडको 1970 साली आली, जमिनी गेल्या, शहर उभं राहिलं. गावठाणांमधून आगरी-कोळी बोली मात्र अजून ऐकू येते. तिच्यात ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, ‘काळा’चं ‘काला’. कॉलेजात पाऊल टाकताच गावठाणातला मुलगा हा ‘न’ गिळायला शिकतो.

आता न्यूयॉर्कचं उदाहरण बघा. विल्यम लबॉव्ह हा अभ्यासक तिथल्या तीन मोठ्या दुकानांत गेला. एक श्रीमंतांचं, एक मध्यमवर्गाचं, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूची चौकशी तो विक्रेत्यांकडे करायचा. ‘फोर्थ फ्लोअर’ हे उत्तर आलं की न ऐकल्यासारखं करून पुन्हा वदवून घ्यायचा आणि त्यातला ‘र’ उच्चारला की नाही, हे बाजूला जाऊन टिपून ठेवायचा. दुकान जितकं महागातलं, तितका ‘र’ जास्त. 1966 साली त्याचं हे काम पुस्तकरूपानं आलं. कोणता उच्चार शुद्ध ठरतो, हे तोंडापेक्षा समाजातल्या पायरीवर ठरतं, हे त्यानं आकड्यांनी दाखवलं. हा धडा घणसोलीच्या मुलानं वाचला, तर त्याला आपल्या आजीचं ‘पानी’ कसं ऐकू येईल?

पदवीनंतर शिक्षण, भाषांतर, उपशीर्षकं, कोशाचं काम, संगणकाला भाषा शिकवण्याचं काम, अशा वाटा आहेत. पूर्ण वेळ भाषाच शिकायची तर हैदराबादला 1958 साली सुरू झालेली संस्था आता इंग्रजी आणि परकीय भाषांचं केंद्रीय विद्यापीठ आहे.

पण ठाण्यात राहूनही सुरुवात करता येते. ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं ‘प्राट’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मोबाइलवर आवाज टिपायचा, लॅपटॉपवर उतरवायचा. पडद्यावर ध्वनीच्या लहरी उमटतात, ‘पिन’मधला झोत डोळ्यांना दिसतो. एका घरातली आजी, आई आणि नातू यांची परवानगी घेऊन तिघांना तेच दहा शब्द म्हणायला सांगा आणि ‘ळ’ कुठे टिकतो, कुठे ‘ल’ होतो, ते मोजा. पद्धत इंग्रजीच्या वर्गात शिकलेली, बोली घरची. प्राध्यापकांनी असा प्रकल्प येत्या सत्रातच मुलांना द्यावा. आज नोंदी घेतल्या, तर त्यात आजीचा आवाज असेल.