कोंबडे मारू नका!

नमस्कार श्रोतेहो. खानापुराकडे भातलावणी सुरू झाली की घराघरांत खोकलाही सुरू होतो. "भिजलाय, दुसरं काय" म्हणत आपण काढा उकळतो. उकळावा. पण 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप आणि खोकला असेल, दुखणं दहा दिवसांच्या आतलं असेल, आणि दवाखान्यात नाकाघशातला नमुना मागितला, तर तो द्यावा. हा फ्लू (इन्फ्लुएन्झा) आहे का, ते त्यातून कळतं.

कशाला? त्यासाठी 1957 सालची गोष्ट ऐका. 17 एप्रिलला अमेरिकेत विषाणूंचे अभ्यासक मॉरिस हिलमन पेपर वाचत होते. हाँगकाँगात दवाखान्यांपुढे रांगा, आयांच्या पाठीला बांधलेली, डोळे काचेसारखे झालेली लेकरं. ही फ्लूची मोठी साथ, हे त्यांनी तिथंच ओळखलं. मग हाँगकाँगात आजारी पडलेल्या एका नौसैनिकाला मिठाच्या पाण्याची गुळणी करायला लावली. हो, आपण घसा बसल्यावर करतो तीच! ती कपात घेतली आणि महिन्याने, 17 मेला हिलमनांच्या हाती पोचली. विषाणू नवा होता. त्याच्याशी लढणारं रक्त सापडलं ते 1889-90 ची साथ काढलेल्या मोजक्या म्हाताऱ्यांत. लस वाढणार फलित अंड्यांत, आणि उबवणीचा हंगाम संपला की तिकडे कोंबडे कापायचे. हिलमनांनी लस कंपन्यांना बजावलं, कोंबडे मारू नका! वर्ष संपेपर्यंत सुमारे 4 कोटी डोस तयार झाले. एका गुळणीवरून!

आजही तेच. नमुना लवकर, नमुना थंड. लवकर म्हणजे पहिल्या तीन-चार दिवसांत. पुढं विषाणू ओसरतो. नमुना घ्यायची काडी प्लास्टिकची, टोक सिंथेटिक. लाकडी काडीचा कापूस चाचणीच अडवतो. थंड म्हणजे 2 ते 8 अंश, बर्फाच्या डब्यातून दोन-तीन दिवसांत प्रयोगशाळेत. उणे 20 च्या फ्रीजरात टाकला तर विषाणू मरतो, मग तो वाढवून बघणार कसा? पुन्हा सांगते, लवकर आणि थंड.

अशा नमुन्यांवरून जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात लसीतले विषाणू ठरवते. मार्च 2020 नंतर फ्लूच्या बी प्रकारातला यामागाटा गटाचा विषाणू कुठंच दिसला नाही, म्हणून तो लसीतून काढायला सांगितलं. आपल्याकडं फ्लूचा जोर पावसाळ्यात, आणि लस अंगी लागायला दोन आठवडे. तेव्हा मिरगाआधी घेतलेली बरी.

आणि निपाणीकर कोल्हापूर-मिरजेला ॲडमिट होतात, तिथं पत्ता "कोल्हापूर, पाहुण्यांकडं" असा सांगू नका. गाव सांगा, तालुका सांगा. नाहीतर आपला, कर्नाटकातला खोकला महाराष्ट्राच्या खात्यात जातो.