अ‍ॅटलासचा सिंह नक्की कधी संपला?

नमस्कार मंडळी.

पडद्यावर दिसतोय तो काळा-पांढरा फोटो १९२५ सालचा आहे. कासाब्लांकाहून डकारला जाणाऱ्या विमानातून मार्सेलां फ्लांद्रां या फ्रेंच छायाचित्रकारानं तो टिपला. मोरोक्कोतल्या अ‍ॅटलास पर्वताचा उघडा उतार, त्यावरून एकटा चाललेला सिंह आणि शेजारी त्याची सावली. उत्तर आफ्रिकेतल्या जंगली सिंहाचा याच्यानंतरचा फोटो कुणाला ठाऊक नाही. पुढे १९४२ साली तिझी न तिश्का या घाटाजवळ एक सिंह मारला गेला, आणि बार्बरी सिंह, म्हणजे उत्तर आफ्रिकेतला हाच अ‍ॅटलासचा सिंह, संपला अशी नोंद पुस्तकांतून झाली. ट्युनिशियातला शेवटचा १८९१चा, अल्जीरियातला १८९३चा, मोरोक्कोतला १९४२चा. तीन देश, तीन साल, विषय मिटला. आज मला बोलायचंय ते याबद्दल, की हा विषय तेव्हा मिटलेला नव्हता. सिंह जिवंत होते आणि आपण त्यांच्या नावापुढे पूर्णविराम देऊन मोकळे झालो होतो.

आधी या जनावराची ओळख करून घेऊ. सिंह म्हटला की आपल्याला पिवळ्या गवताचं सपाट माळरान आठवतं. हा सिंह डोंगरातला. हिवाळ्यात जिथे बर्फ पडतं अशा देवदारांच्या रानात तो राहायचा. अ‍ॅटलासचा देवदार हा आपल्या हिमालयातल्या देवदाराचा भाऊबंदच. तिथलं हरीण, रानडुक्कर, डोंगरातली जंगली मेंढी ही त्याची शिकार, आणि संधी मिळाली की लोकांची गुरंही. शिकार विरळ, त्यामुळे मोठे कळप नसत. जोडीनं किंवा लहानशा कुटुंबात तो फिरायचा असंच बहुतेक नोंदी सांगतात. लिनियसनं १७५८ साली सिंहाला शास्त्रीय नाव दिलं. त्या नावाचा मूळ प्रदेश म्हणून पुढच्या अभ्यासकांनी अल्जीरियातलं कॉन्स्टंटिन ठरवलं. म्हणजे शास्त्राच्या वहीत ‘सिंह’ ज्याला म्हटलं, तोच हा.

त्याच्या आयाळीविषयी खूप लिहिलं गेलंय. काळीभोर, दाट, छातीवरून थेट पोटाखालपर्यंत गेलेली. पुष्कळ वर्षं हीच त्याची खूण मानली गेली आणि कुठल्याही प्राणिसंग्रहालयात अशी आयाळ दिसली की ‘हा बार्बरी’ असं जाहीर व्हायचं. ही खूण टिकली नाही. आफ्रिकेतल्या सिंहांवर झालेल्या अभ्यासातून दिसलं की आयाळीचा रंग आणि दाटपणा हवामानावर, आहारावर, शरीरातल्या संप्रेरकांवर अवलंबून असतो. थंड देशात वाढवलेल्या दुसऱ्या कुठल्याही सिंहाला भरघोस आयाळ येऊ शकते. अ‍ॅटलासच्या थंडीनं तिथल्या सिंहाला ते रूप दिलं होतं.

मग तो गेला कसा? रोमन लोकांकडे बोट दाखवायची पद्धत आहे. पाँपे या रोमन सेनापतीनं इसवी सनापूर्वी ५५मध्ये भरवलेल्या खेळांत ६०० सिंह आणले होते असं रोमन लेखक प्लिनी लिहितो, आणि त्यातले बरेचसे समुद्रापलीकडच्या उत्तर आफ्रिकेतूनच आलेले असणार. हे भयंकर होतंच. तरीही त्यानंतर अठराशे वर्षं सिंह टिकला, कारण रान शाबूत होतं आणि रानात खायला होतं. एकोणिसाव्या शतकात मात्र तिन्ही गोष्टी एकदम आल्या: बंदूक, बक्षीस आणि कुऱ्हाड. तुर्की अमलातच सिंह मारणाऱ्या काही टोळ्यांना करमाफी होती, शिवाय कातड्याचे पैसे वेगळे. १८३०नंतर फ्रेंच आले, त्यांनीही बक्षिसं चालू ठेवली. झ्यूल जेरार हा फ्रेंच घोडदळातला अधिकारी ‘सिंह मारणारा’ म्हणून युरोपभर गाजला. माणसाला जनावर मारल्याबद्दल अशी कीर्ती मिळते तेव्हा ते जनावर सरकारदरबारी शत्रू ठरलेलं असतं. दुसरीकडे शेती आणि चराई डोंगरावर चढत गेली, रान तुटलं, हरणं कमी झाली. मग सिंह गुरांवर येणार, गुरांवर आला की त्याला मारणार. हे चक्र आपल्याकडच्या कुठल्याही गुराख्याला समजावून सांगावं लागणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. २०१३ साली इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठातले सायमन ब्लॅक आणि त्यांचे सहकारी यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी फक्त मारलेल्या सिंहांच्या नोंदी घेतल्या नाहीत. गावकऱ्यांनी, मेंढपाळांनी, वाटसरूंनी पाहिलेल्या सिंहांच्या आठवणीही गोळा केल्या आणि त्यांच्यावर गणित मांडलं. निष्कर्ष असा, की मोरोक्को आणि अल्जीरियात सिंह १९५०च्या दशकापर्यंत, कदाचित त्यापुढेही थोडा काळ तग धरून होते. अल्जीरियातला सिंह १८९३ला संपला असं मानायचं, तर हा फरक साठ वर्षांहून जास्त होतो! त्या नोंदींमधली एक मला फार महत्त्वाची वाटते. १९५६मध्ये अल्जीरियात सेतिफच्या बाजूच्या रानात बसमधल्या उतारूंना सिंह दिसला. दोनच वर्षांनी, स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, ते रान नष्ट झालं.

तळं आटताना पाणी एकदम जात नाही. आधी त्याची डबकी होतात, प्रत्येक डबक्यात थोडे मासे उरतात, आणि लांबून बघणाऱ्याला तळं कोरडंच दिसतं. अ‍ॅटलासमध्ये सिंहांचं हेच झालं. कुठल्याशा खोऱ्यात दोन, कुठे चार, एकमेकांपासून तुटलेले. तिथल्या मेंढपाळाला ते माहीत होतं, पण त्याला विचारायला कोणी गेलं नाही. वर्षानुवर्षं सिंह दिसला नाही याचा अर्थ तो नाही असा घेतला गेला. वाचवण्यासाठी शिल्लक असलेला काळ नेमका तोच होता, आणि त्याच काळात कोणी काही केलं नाही, कारण कागदावर करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला गोळी झाडणाऱ्यांपेक्षाही या गोष्टीचं दुःख जास्त होतं.

मोरोक्कोच्या राजवाड्यात मात्र सिंह होते. डोंगरातल्या अमाझिग टोळ्या सुलतानाला सिंह नजर करीत, त्यांची ही संतती. १९५३मध्ये फ्रेंचांनी तिथल्या सुलतानाला, पाचव्या मोहम्मदला, हद्दपार केलं तेव्हा ते प्राणिसंग्रहालयांत पांगले, राजा परतल्यावर परत आले, पुढे श्वसनाच्या रोगानं जवळजवळ संपायला आले. राजा दुसऱ्या हसननं त्यांच्यासाठी रबातजवळ तमारा इथे सोय केली. आज मोरोक्को आणि युरोप मिळून त्यांचे जेमतेम शंभर वंशज असतील. ते शंभर टक्के अ‍ॅटलासचेच आहेत का? तसा पुरावा हाती आलेला नाही, मध्येच बाहेरचं रक्त मिसळलेलं असू शकतं. आपल्याकडेही हा प्रश्न आला होता. चंडीगडजवळच्या छतबीड प्राणिसंग्रहालयात गीरच्या आणि सर्कशीतल्या आफ्रिकी सिंहांची संकरित प्रजा वाढली आणि नंतर त्यांचं प्रजनन थांबवावं लागलं.

त्या राजवाड्यातल्या सिंहांना पुन्हा डोंगरात सोडावं असं अधूनमधून सुचवलं जातं. माझं मत विचाराल तर आधी हरणं आणा, रान वाढू द्या, मेंढपाळांशी बोला. त्याआधी सोडलेला सिंह पहिल्याच हिवाळ्यात कुणाच्या तरी मेंढ्यांवर जाईल.

आणि आता आपला संबंध. लंडनच्या टॉवरच्या खंदकात मध्ययुगातल्या दोन सिंहांच्या कवट्या मिळाल्या होत्या. त्यांच्या जनुकांवरून ते उत्तर आफ्रिकेतले ठरले. अशा अभ्यासांतून पुढे चित्र स्पष्ट झालं आणि २०१७ साली सिंहांच्या दोनच उपजाती मानायचं ठरलं. त्यात उत्तर, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले सिंह आणि आपले गीरचे सिंह एकाच उपजातीत येतात. अ‍ॅटलासच्या सिंहाचे जे जवळचे नातेवाईक आज मोकळ्या रानात आहेत, त्यांत गीरचा सिंह येतो.

गीरची संख्या चांगली आहे, २०२५च्या गणनेत ८९१. जुनागढच्या नवाबांपासून गीरमधल्या मालधारी गुराख्यांपर्यंत अनेकांचं हे श्रेय, आणि ते मनापासून द्यायला हवं. पण हे सगळे सिंह सौराष्ट्राच्या एकाच पट्ट्यात आहेत. २०१८च्या सप्टेंबरात दलखाणिया परिक्षेत्रात काही आठवड्यांत २३ सिंह मेले आणि त्यांच्यात कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. तेव्हा लस परदेशातून आणावी लागली. काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवा, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१३मध्येच सांगितलं होतं. कुनोत २०२२ साली नामिबियाचे चित्ते आले, सिंह अजून गेलेला नाही. पोरबंदरजवळच्या बरडा अभयारण्यात सिंह आपणहून पोचलेत, त्याचा मला आनंद आहे. पण बरडाही सौराष्ट्रातच आहे, तीच गुरं, तीच कुत्री, तीच साथ. सिंह भरपूर आहेत, दिसतात, मोजता येतात, अशा वेळीच ते हलवता येतात. गुजरातच्या अभिमानाला धक्का लागेल म्हणून हे काम थांबलेलं असेल, तर आपण महाराष्ट्रातल्यांनीही ते जाहीरपणे बोललं पाहिजे, आणि मी ते इथे बोलतो आहे: कुनोला सिंह जायला हवेत, आणि या दशकातच जायला हवेत.