सुलतानाचा सावकार

नमस्कार श्रोतेहो.

सरकारची तिजोरी रिकामी झाली की सरकार काय करतं? नवे कर लावतं, नोटा छापतं, नाहीतर कर्ज काढतं. एकोणिसाव्या शतकातल्या ऑटोमन, म्हणजे तुर्की सुलतानाच्या, सरकारने हे तिन्ही करून पाहिलं आणि तिन्ही अपुरं पडलं. मग सरकारी माणूस खाडी ओलांडून गलात्याला जायचा. इस्तंबूलच्या जुन्या शहरासमोर, पाण्यापलीकडे ही वस्ती. तिथे ग्रीक, आर्मेनियन, ज्यू आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच रुळलेले युरोपीय सराफ पेढ्या थाटून बसलेले असत. त्यांच्यातल्या एका ग्रीक सावकाराची आणि त्याच्या घराण्याची गोष्ट आज सांगणार आहे. नाव ख्रिस्ताकी झोग्राफोस. तुर्क लोक त्यांना ख्रिस्ताकी एफेंदी म्हणत.

जन्म १८२० चा, केस्तोरात नावाच्या डोंगराळ गावातला. हे गाव आज दक्षिण अल्बेनियात गिरोकास्तर शहराजवळ येतं. तेव्हा तो सगळा मुलूख सुलतानाचाच होता आणि त्याला एपिरस म्हणत. जमीन कमी, दगड जास्त. त्यामुळे मिसरूड फुटलं की पोरांनी बाहेरची वाट धरायची, हा त्या भागाचा शिरस्ताच. ख्रिस्ताकीही राजधानीत आले, व्यापारात शिरले आणि पुढे सराफीत स्थिरावले.

आता ही सराफी चालायची कशी, ते नीट समजून घेऊ, कारण खरी मौज तिथे आहे. साम्राज्यातल्या अनेक भागांत करवसुली सरकार स्वतः करत नसे. तिचा लिलाव व्हायचा. अमुक जिल्ह्याचा दशांश कर गोळा करायचा इजारा जो जास्त बोली लावेल त्याला. पण सरकार नुसत्या बोलीवर विश्वास ठेवत नसे, जामीन मागे. हा जामीन म्हणजे गलात्याचा सराफ. इजारदाराला आगाऊ भरायची रक्कमही बहुतेक वेळा तोच देई. पीक यायच्या आधी सराफाचं व्याज चालू. पावसाने दगा दिला तर शेतकरी बुडे, इजारदार बुडे, आणि सराफ? त्याच्याकडे कुणाचं तरी तारण असेच.

दुसरा धंदा त्याहून बारीक, पण दररोजचा. कारकुनांचे, अधिकाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने थकत. हातात रोख रकमेऐवजी सरकारी चिठ्ठी पडायची. घरी चूल पेटवायची तर ती चिठ्ठी घेऊन माणूस सराफाकडे जाई. सराफ ती उलटसुलट करून बघे, मान हलवे आणि लिहिलेल्या रकमेपेक्षा बराच कमी पैसा पुढे सरकवे. पुढे वजिरापर्यंत वशिला लावून पूर्ण रक्कम वसूल करायची, ती त्याने. चिठ्ठी तीच, फरक एवढाच, की कारकुनाला वजीर भेटत नसे आणि सराफाला भेटत असे.

आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे खुद्द सरकार. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ मध्ये, ऑटोमन सरकारने पहिलं परदेशी कर्ज काढलं आणि मग ती चटकच लागली. लंडन-पॅरिसचं कर्ज मंजूर होऊन हाती पडेपर्यंत मधले महिने काढायला गलात्याची उचल लागे. सराफ मंडळी युरोपातून कमी व्याजाने पैसा उचलत आणि सरकारला चढ्या व्याजाने देत. १८६३ मध्ये इंग्रज आणि फ्रेंच भांडवलावर इम्पीरियल ऑटोमन बँक उभी राहिली, तेव्हा आपलं दुकान बंद पडेल अशी भीती गलात्याला वाटली असणार. पुढल्याच वर्षी त्यांनी एकत्र येऊन स्वतःची बँक काढली, सोसिएते जनराल. तिच्या संस्थापकांत झोग्राफोस होते आणि आणखी एक बडे ग्रीक सावकार होते, येओर्गिओस झारिफिस. हे दुसरं नाव लक्षात ठेवा.

कारण आता राजवाड्यात जायचं आहे.

ऑटोमन घराण्यात गादी बापाकडून मुलाकडे जात नसे. घराण्यातल्या वयाने सर्वांत मोठ्या पुरुषाकडे जाई. सुलतान होता अब्दुलअझीज. त्याच्यानंतर पाळी पुतण्याची, शहजादा मुराद याची, आणि मुरादच्या पाठोपाठ त्याचा सावत्र भाऊ अब्दुलहमीद. दोघांत अवघं दोन वर्षांचं अंतर. स्वभाव मात्र दोन टोकांचे. मुराद रसिक, फ्रेंच जाणणारा, पियानोवर स्वतःच्या चाली बसवणारा, फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाच्या मंडळींत ऊठबस असलेला. हात सैल, दारूचं व्यसन आणि चुलत्याकडून मिळणाऱ्या नेमणुकीत भागत नाही म्हणून गळ्यापर्यंत कर्ज. अब्दुलहमीद याच्या उलट, पै-पैचा हिशेब ठेवणारा.

मुरादचे सावकार होते झोग्राफोस. अब्दुलहमीदचे होते झारिफिस. एकाच बँकेचे दोन संस्थापक, आणि दोन भावांच्या मागे एकेक उभा! मात्र व्यवहार एकसारखा नव्हता. झोग्राफोस मुरादला कर्ज देत. झारिफिसच्या सल्ल्याने अब्दुलहमीद रोख्यांत पैसा गुंतवी आणि नफा कमावी. उद्याचा सुलतान ऋणको म्हणून बांधून ठेवायचा, की अशील म्हणून खूश ठेवायचा? मला विचाराल तर झोग्राफोस यांची खेळी त्या वेळी जास्त शहाणी दिसत होती. पुढचा सुलतान मुरादच, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. वारसदाराला दिलेलं कर्ज बुडीत कसं म्हणायचं?

ऑक्टोबर १८७५ मध्ये सरकारने हात वर केले. कर्जावरचं निम्मंच व्याज रोख देऊ, उरलेल्याचे कागद घ्या, असं जाहीर झालं. युरोपात बोंब उठली. बाल्कनमध्ये बंडं चालूच होती. शेवटी ३० मे १८७६ रोजी मंत्र्यांनी आणि सेनापतींनी अब्दुलअझीजला गादीवरून उतरवलं आणि मुरादला बसवलं. झोग्राफोस यांची हुंडी वटली, असंच त्या दिवशी सगळ्यांना वाटलं असेल.

नवा सुलतान जेमतेम गादीवर बसतोय तोच, पाचव्या-सहाव्या दिवशी, पदच्युत चुलता मनगटाच्या नसा कापलेल्या अवस्थेत मेलेला सापडला. जूनच्या मध्याला एका अधिकाऱ्याने मंत्र्यांच्या बैठकीत घुसून गोळ्या झाडल्या. युद्धमंत्री आणि परराष्ट्रमंत्री ठार. मुळात हळवा मुराद यात पार कोसळला. लोकांपुढे त्याला आणता येईना. डॉक्टरांनी तपासलं, धर्मगुरूंनी फतवा दिला आणि ३१ ऑगस्टला त्यालाही उतरवलं. त्र्याण्णव दिवस. गादीवर आला अब्दुलहमीद, आणि त्याच्याबरोबर झारिफिस यांचे दिवस पालटले. मुराद चिराआन राजवाड्यात कैदेत पडला तो १९०४ मध्ये मरेपर्यंत.

ख्रिस्ताकींचं काय झालं? शहरात वदंता उठली, की राजवाड्यातली जडजवाहिरं आणि रोखे मुरादच्या कर्जाच्या तारणापोटी त्यांच्याकडे गेले आणि परत आलेच नाहीत. खरं किती आणि खोटं किती याच्या खोलात आपण जायला नको. सावकाराबद्दल लोक असं बोलणारच. पुढे त्यांनी आपला मुक्काम पॅरिसला हलवला आणि तिथेच त्यांचा शेवट झाला. पण त्यांचं दिवाळं काही निघालं नाही, कारण सगळा पैसा त्यांनी मुरादवर लावलाच नव्हता.

जून १८७० मध्ये गलात्याच्या वरच्या अंगाला असलेल्या पेरा भागात भयंकर आग लागली होती. हजारो घरं गेली, आणि त्यात नाऊम थिएटरही गेलं. इटालियन संगीतकार व्हेर्दीचे ऑपेरा इस्तंबूलने पाहिले ते याच थिएटरात. ती मोक्याची जागा झोग्राफोस यांनी घेतली आणि १८७६ मध्ये, हो, त्याच साली, तिथे पॅरिसच्या धर्तीवर इमारत उभी केली, ‘सिते द पेरा’. वास्तुविशारद क्लेआन्थिस झान्नोस. खाली आरपार जाणारी छपराखालची गल्ली, गल्लीत चोवीस दुकानं, वर अठरा आलिशान बिऱ्हाडं. जुन्या दुकानांची नावं वाचण्यासारखी आहेत: शूमाखरची बेकरी, केसेर्जियान शिंपी, अजेमियानची तंबाखू, नाकामुराचं जपानी वस्तूंचं दुकान, योर्गोचा गुत्ता. एका छपराखाली एवढ्या जातिधर्मांचे भाडेकरू! १९०८ मध्ये वजीर सैद पाशा यांनी ही इमारत विकत घेतली, पुढे तिथे फुलवाल्यांची दुकानं आली आणि नाव पडलं चिचेक पासाजी, म्हणजे फुलांची गल्ली. १९७८ मध्ये तिचा भाग कोसळला, दहा वर्षांनी ती पुन्हा उघडली. आज इस्तंबूलला जाणारा प्रवासी तिथे तळलेले मासे खायला बसतो, आणि डोक्यावर कुणाचं छप्पर आहे ते त्याच्या गावीही नसतं.

शाळांवरही त्यांनी हात सोडून खर्च केला. जन्मगावी, केस्तोरातला, १८७४ मध्ये शिक्षक तयार करणारं विद्यालय काढलं. पेरामध्ये ग्रीक मुलांसाठी जी शाळा बांधली गेली तिला त्यांचंच नाव मिळालं, झोग्राफेऑन. १८९३ मध्ये ती उघडली आणि आजही भरते. विद्यार्थी मात्र आता फार थोडे उरलेत. झारिफिस यांनीही शाळांना सढळ हाताने दिलं. हे सगळं निव्वळ दानत म्हणून, असं मी म्हणणार नाही. ज्याची इस्टेट सुलतानाच्या मर्जीवर टांगलेली आहे, त्याला आपल्या समाजात मान असणं ही मोठी गरज असते.

आणि मग जावई. कोन्स्तान्दिनोस कारापानोस, एपिरसमधल्या आर्ता गावचा हुशार मुलगा, झोग्राफोस यांच्या पेढीत आला, कारभार पाहू लागला आणि त्यांच्या मुलीचा नवरा झाला. या सराफाच्या जावयाने १८७५ मध्ये काय केलं? यानिना शहराजवळ खोदकाम सुरू केलं आणि झ्यूस देवाचं प्राचीन प्रश्नस्थान, दोदोना, शोधून काढलं. तिथे शिशाचे बारके पत्रे सापडले. त्यांवर लोकांनी देवाला विचारलेले प्रश्न कोरलेले. एक गृहस्थ विचारतोय, माझी अंथरुणं आणि उशा हरवल्यात, बाहेरच्या कुणी चोरल्या का? साम्राज्याने निम्मं व्याज रोखून धरलं त्या वर्षी सावकाराचा जावई हे उकरत होता, याची मला फार गंमत वाटते. कारापानोस पुढे ग्रीसमध्ये खासदार झाले, मंत्री झाले, आणि दोदोनाच्या वस्तू अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकल्या.

ख्रिस्ताकींचा मुलगा येओर्गिओस, १८६३ चा, कायदा शिकलेला. घराण्याने थेसालीच्या मैदानात मोठमोठ्या जमिनी घेतल्या होत्या. १८८१ मध्ये सुलतानाने थेसाली ग्रीसला दिली आणि गलात्याचे सावकार बसल्या जागी ग्रीसचे जमीनदार बनले. त्या जमिनींवर कसणाऱ्या कुळांचे हाल पुढे कित्येक वर्षं ग्रीक राजकारणाला छळत राहिले. घराण्याच्या लाझारिना इथल्या इस्टेटीत बीट लावलं गेलं, साखरेचा कारखाना निघाला, आणि येओर्गिओस राजकारणात उतरले.

१९१३ मध्ये बाल्कन युद्ध संपलं आणि एपिरसचा उत्तर भाग, बापाच्या गावासकट, नव्या अल्बेनियाकडे गेला. तिथल्या ग्रीकांनी ते मानलं नाही. फेब्रुवारी १९१४ च्या अखेरीस गिरोकास्तरला स्वायत्त सरकार जाहीर झालं आणि त्याचे अध्यक्ष झाले येओर्गिओस ख्रिस्ताकी झोग्राफोस. नावाच्या मध्ये बापाचं नाव त्यांनी कायम ठेवलं होतं. परराष्ट्र खात्याला माणूस हवा, तर बहिणीचा मुलगा होताच, अलेक्झांद्रोस कारापानोस. मे महिन्यात कॉर्फू बेटावर वाटाघाटी झाल्या. युरोपच्या सहा बड्या सत्तांच्या प्रतिनिधींसमोर एपिरसच्या बाजूने बोलायला बसले ते हे मामा-भाचे. त्यांनी स्वायत्ततेचा करार पदरात पाडून घेतला. काही महिन्यांत पहिलं महायुद्ध पेटलं आणि करार कागदावर राहिला. येओर्गिओस १९१५ मध्ये काही काळ ग्रीसचे परराष्ट्रमंत्री होते. १९२० मध्ये ते वारले, तेव्हा केस्तोरात अल्बेनियातच होतं.