टोकावरचा मणी

(दृश्य : एंडोस्कोपच्या, म्हणजे पोटात उतरणाऱ्या लवचिक दुर्बिणीच्या, तोंडातून बाहेर येणारी बारीक तार)

या तारेच्या टोकाला बघा, पांढरा मणी आहे. सिरॅमिकचा, २.२ मिलिमीटरचा, साधारण मोहरीएवढा. हा विजेवर कापणारा चाकू आहे आणि त्याचं टोक मुद्दाम बोथट ठेवलंय.

आपल्याकडे ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटलं की पोटावरची तीन-चार भोकं आठवतात. इथे तीही नाहीत. दुर्बीण तोंडातून जठरात उतरते आणि चाकू तिच्याच पोटातून पुढे येतो.

जपानमध्ये जठराचा कर्करोग फार. तपासण्याही तितक्याच, त्यामुळे तो अनेकदा अस्तरातच असताना सापडतो. पूर्वी तो भाग तारेच्या फासात पकडून कापत. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असली की तुकडे व्हायचे आणि कडेला रोग उरला का, हे तुकडे तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला नीट सांगता यायचं नाही. अखंड काढायची तर सुईसारखा चाकू हवा. पण जठराची भिंत जेमतेम काही मिलिमीटर. हात जरा चुकला की आरपार.

१९९०च्या दशकात टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांनी सुईच्या टोकावर हा मणी बसवला. सिरॅमिकमधून वीज जात नाही. त्यामुळे टोक भिंतीला टेकलं तरी कापत नाही, कापते ती मागची उघडी तार.

(दृश्य : पडद्यावर निळसर पोकळी)

अस्तराखाली निळा रंग मिसळलेलं द्रव टोचलंय, म्हणून ते फुगून वर आलंय. खालचे पांढरे धागे एकेक करून तुटतात. मध्येच लाल रक्तवाहिनी दिसते. चाकू थांबतो, चिमटा येतो, वाहिनी शेकून बंद होते. मग पुन्हा चाकू. घाई कुणालाच नाही.

मोठ्या आतड्याची भिंत आणखी पातळ. तिथे दीड मिलिमीटरचं आखूड पातं लागतं. आकड्यासारखं वाकडं, त्रिकोणी टोकाचं, असे प्रकार पुढे आले. त्रिकोणी पातं घेऊन २००८ मध्ये हारुहिरो इनोए यांनी वेगळंच काम केलं : अन्ननलिकेच्या अस्तराखालून बोगदा काढून, घास अडवणारा घट्ट स्नायू आतूनच कापला.

(दृश्य : टेबलावर छोटी पाटी)

कापलेलं अस्तर लगेच आकसतं. म्हणून सहायक ते पाटीवर ताणून भोवती टाचण्या टोचतो, वरची बाजू कोणती ते लिहितो आणि पाटी फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रवात, सोडतो.